उभी पावशी

मी एक जुनी पावशी आहे, मित्रांनो. तुमच्याकडे मला विळी म्हणत असतील, म्हणा. नाव बदलल्याने धार जात नाही. तुमसरच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून माझे पाते ठोकले आणि सागाच्या पाटावर असे बसवले, की काम झाले की आडवे करता यावे.

गिरजाबाईने मला लुगड्यात गुंडाळून भिलाईला आणले. तिचा मुलगा देवाजी तिथल्या पोलाद कारखान्याच्या बांधकामावर लागला होता. भट्टी अजून पेटायची होती. कॅम्प-एक नावाच्या मजूरवस्तीतल्या घरात मी अंबाडी चिरली, कोहळे फोडले, पंगतीची वांगी कापली. शेजारणी मला मागून न्यायच्या. गिरजाबाई द्यायची, पण ऐकवून द्यायची, "झोपवून आणजो. उभी पावशी घरात रक्त मागते."

एका सकाळी शेजारच्या टिकारामच्या कोंबडीचे पिल्लू माझ्याजवळ पाय तुटून पडलेले सापडले. मी उभी होते. गिरजाबाई सुनेवर तुटून पडली.

"सत्यभामे, माहेरी हेच शिकली काय?"

"आत्याबाई, म्या झोपवली होती."

"मंग काय ते चालत गेली? माह्या घरात दुसरं कोण आहे असं करनारं?"

होते ना. मला उभे करणारे हात मी ओळखत होते. ते तिच्या लाडक्या नातीचे, चौदा वर्षांच्या मथुराचे. पिल्लू तडफडत होते तेव्हा ती गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत बसली होती. राग नाही, हसू नाही. पाऊस बघावा तशी. पण मला पाते दिले, तोंड दिले नाही.

काही दिवसांनी, दुपारचा भोंगा झाला आणि सत्यभामा नळावर गेली. गिरजाबाईही कळशी घेऊन निघाली. मथुराने मला खोलीच्या मधोमध ठेवले. उभे केले. माझ्या पलीकडे गुळाचा खडा ठेवला. मग धाकट्या भावाला, कवडूला, खाली सोडले आणि भिंतीला टेकून बसली.

कवडू नुकता रांगू लागला होता. गूळ दिसताच तो निघाला. मध्ये थांबला, बहिणीकडे बघून हसला. ती हसली नाही. तो पुन्हा निघाला. मित्रांनो, लोखंडाला घाम फुटत नाही म्हणतात. त्या दुपारी मला विचारा.

गिरजाबाई चुंबळ विसरली म्हणून परतली. दारातच तिला सगळे दिसले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर पोर दचकून माझ्यावरच पडले असते. ती अलगद पुढे वाकली, आणि कवडूचा हात माझ्यापर्यंत येण्याआधी तिने आपला तळवा माझ्या धारेवर ठेवला. पोराचा हात तिच्या हातावर पडला.

माझ्यावरून रक्त ओघळले. मथुरा सरकून जवळ आली.

"आजी, लय दुखते काय? कसं दुखते?"

तिला खरेच जाणून घ्यायचे होते.  गिरजाबाई कवडूला काखेत मारून, रक्ताच्या हातानेच नळावर गेली आणि साऱ्या बायांसमोर सुनेला म्हणाली, "सत्यभामे, पावशी तू झोपवलीच होती. मीच आंधळी."

त्या दिवसापासून कवडू मथुराजवळ एकटा कधी राहिला नाही. आणि मथुराही आजीच्या नजरेआड कधी राहिली नाही. हाताची पट्टी गिरजाबाई तिच्याकडूनच बांधून घ्यायची.

"हळू. मले दुखून राहिलं. समजलं काय?"

"नाही."

"नाही त नाही. उद्या पुन्हा बांध."

जखम भरली, तरी पट्टी बांधणे बरेच दिवस चालले.

आता माझे पाते झिजले आहे. मित्रांनो, मला वापरा, पण काम झाले की झोपवा. आणि आपल्या घरचे लेकरू असे नाहीच, असे छातीठोक सांगण्याआधी त्याच्याजवळ घडीभर बसा.

मथुरा अजून माझ्यावर भाजी चिरते. गिरजाबाई समोर बसलेली असते. चिरून झाले की मथुरा मला आडवी करते, धार भिंतीकडे.

आडवी करण्याआधी तिचा हात क्षणभर थांबतो. गिरजाबाईला तो दिसतो. मलाही.