सबिनाची जागा

हातकणंगल्यात महादेवीअक्कांचा कांदा-लसूण चटणीचा कारखाना आहे. पंधराएक बाया मिरची भाजतात, कांडतात, पाकिटं भरतात. भट्टीवरची सबिना गेल्या पावसाळ्यात खोकायला लागली. जिथं सगळ्यांनाच ठसका लागतो, तिथं एकीचा खोकला कोण मनावर घेणार? एक दिवस रक्त पडलं. कामगार विम्याच्या दवाखान्यात टीबी निघाला आणि ती लांबच्या रजेवर गेली.

अक्कांनी भट्टीवर बाळाबाईला घेतलं. "सबिना येईपतूर हं," हे घेतानाच सांगितलं. बाळाबाईचा हात चलाख निघाला. दिवाळीच्या वेळची मिरचीची सगळी भाजणी तिनं ओढून नेली.

अक्कांचा मुलगा वीरेश कारखान्याच्या दुकानात बसून गिऱ्हाईक बघायचा. जेवताना म्हणाला, "अव्वा, बाळाबाईलाच कायम कर की. सबिनाला जागा न्हाय म्हणून कळवू."

"आजारपणाच्या रजेत काढता येत न्हाय. विम्याच्या साहेबांनी बजावलंय."

"मग रजा संपल्यावर."

अक्कांनी भाकरी मोडली. "खोकल्यापायी सबिनाची जागा गेली, हे बाकीच्या बायांनी बघितलं तर पुढच्या खेपेला कोण खोकला सांगंल? पदर तोंडाला लावून चटणीवरच खोकतील."



उन्हाळ्याच्या तोंडाला सबिना आली. निम्मी झाली होती. डॉक्टरांनी बरी झाल्याचं लिहून दिलं होतं, पण मिरचीच्या खकाण्यात बसायचं नाही, असंही सांगितलं होतं.

"मग मी घरला जातो, अक्का," ती दारातूनच म्हणाली.

"बस आधी."

कारखान्यात खकाणा नसलेली जागा एकच होती, दुकानातली. त्यांनी वीरेशला हाक मारली. "उद्यापासनं मालाच्या टेम्पोबरोबर तू जायचंस. मलकापूरपतूर बाजार धर. दुकानात सबिना बसंल."

वीरेशनं आईकडं पाहिलं, मग दुकानातल्या पंख्याकडं. "बरं," म्हणाला आणि किल्ल्या ठेवून बाहेर गेला.

बाळाबाई भट्टीवर राहिली. आपण राहिलो की गेलो, हे तिनं दोन दिवसांनी विचारलं. तोवर कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

सबिनाला दुकान मानवलं नाही. हिशेब चुकायचे, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं जमायचं नाही. बाया जेवायला बसल्या की तिच्याशेजारी हातभर जागा सोडायच्या. अक्कांना ते दिसत होतं. सबिना बरी झाली आहे, हे डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी सगळ्यांना एकदा समजावून सांगितलं, दुसऱ्यांदा नाही. आखाडापर्यंत ती हातभर जागा हळूहळू भरली. हिशेब मात्र अजून वीरेशच संध्याकाळी येऊन जुळवतो.