भावोजींचा डोंगर

माझे भावोजी दर रविवारी डोंगर चढायचे आणि उरलेले सहा दिवस तो आमच्या डोक्यावर आणून ठेवायचे. कोणाला सर्दी झाली, की डोंगर. कोणाच्या मुलाला मार्क कमी पडले, की डोंगर. माझं लग्न मोडलं तेव्हा मी ताईकडे डोळे पुसत बसले होते, तर हा माणूस समोर येऊन म्हणाला, शिखरावरून पाहिलं की असली दुःखं मुंगीएवढी दिसतात. बारा वर्षं हे ऐकलं. ताई गप्प बसायची, म्हणून मीही गप्प.

मी रेल्वेत तिकीट खिडकीवर आहे. दोन महिन्यांपूर्वी माझी बदली नेमकी त्या डोंगराच्या पायथ्याच्या स्टेशनात झाली. दोन फलाट, एक पूल, एक वेटिंग रूम, आणि फलाटाच्या टोकाला उतरलं की वर जाणारी पायवाट. माझी सुट्टी रविवारी असते हे भावोजींना ठाऊक होतं. त्या रविवारी माझ्याबरोबरची बाई आजारी पडली आणि मला तिच्या जागी यावं लागलं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

सातच्या गाडीने ते उतरले. पाठीवर सॅक, हातात काठी, टोपीची दोरी हनुवटीखाली आवळलेली. बाकीचे लोक पायवाटेला लागले. भावोजी बुटांच्या नाड्या बांधत रेंगाळले आणि फलाट रिकामा होताच वेटिंग रूममध्ये शिरले. आमच्या केबिनच्या मागच्या काचेतून आतलं सगळं दिसतं. त्यांनी बूट काढले, सॅकमधून उशी काढली, तीही घरातली, ताईने शिवलेल्या अभ्र्याची, आणि बाकावर आडवे झाले. साडेनऊपर्यंत घोरले. मग डबा खाल्ला, शब्दकोडं सोडवलं आणि पुन्हा लवंडले.

बाराला उठून ते नळाशी गेले. तिथल्या गटारातला चिखल काठीने उचलून बुटांना लावला. आधी टाचा, मग कडा. एखादी बाई मुलाला पावडर लावते तितक्या मायेने. मला हसू यायला हवं होतं. किळस आली.

तेवढ्यात गाडीतून एक म्हातारं जोडपं उतरलं. बूट पाहून त्यांनी साहजिकच भावोजींना वाट विचारली. भावोजींनी काठी उंचावून डावीकडे दाखवलं. चढ अगदी निवांत आहे, वर गार झरा आहे, मी आत्ता तिथूनच आलो, म्हणाले. डावीकडे जुनी दगडाची खाण आहे, तीस-चाळीस पुरुष खोल, कठडा नाही. मी खिडकी बंद करून धावले, त्या दोघांना थांबवलं आणि उजवीकडच्या वाटेला लावून दिलं. मग भावोजींकडे वळले.

मला वाटलं, मान खाली घालतील. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"ड्यूटीवर असताना खिडकी सोडून यायची परवानगी आहे का तुला?"

मी विचारलं, वर शेवटचे कधी गेला होतात. तर म्हणे पहिल्याच रविवारी. थोडं चढल्यावर पाय लटपटले, खाली बघवेना, शेवटी शाळेच्या सहलीतल्या मुलींनी हाताला धरून उतरवलं. सांगतानाचा सूर असा, की चूक मुलींचीच. अनुभव दर वेळी पायांनीच घ्यावा लागतो असं नाही, हेही ऐकवलं. आणि दोनच्या गाडीत चढता चढता मला बजावलं की ताईला काही सांगू नकोस, ती हळवी आहे.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी गटारापर्यंत सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"पहिल्या महिन्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "बूट मीच धुते. डोंगराच्या मातीला असला वास येतो का?"

"मग बारा वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर रविवारी घरी बसला असता."

इतकी वर्षं मी त्या माणसाचा राग राग केला आणि ताईची कीव केली. तिच्या आवाजात मात्र राग नव्हता. फाटक्या फडक्याबद्दल बोलावं तसं ती नवऱ्याबद्दल बोलत होती. तिच्यापुढे माझा तिरस्कार म्हणजे लहान मुलीचा रुसवा वाटला मला. रविवारी तू करतेस काय, मी विचारलं. काही नाही, म्हणाली. दार लावून घेते, खिडक्या उघडते, आणि दिवसभर मला कोणी काही समजावून सांगत नाही.

निघताना तिने मला दारात थांबवलं.

"तिथल्या वेटिंग रूमचा पंखा बिघडलाय का गं? पूर्वी संध्याकाळी सातला उगवायचा. गेला महिनाभर तीनलाच घामाघूम होऊन दारात."

मंगळवारी मी पंख्याची तक्रार लिहून दिली आणि वायरमनच्या मागे हात धुऊन लागले. शुक्रवारी पंखा फिरला. भावोजी पुन्हा सातला घरी येऊ लागले. रविवारी खिडकीवर कोण असतं हे ते आता आधी वाकून बघतात, एवढंच.

पुढच्या महिन्यात ताईकडे जेवायला सगळे जमलो होतो. भावोजी माझ्याकडे न बघता म्हणाले की हल्ली शिखरावर वारा काय सुंदर सुटतो.

"मग शनिवारीही जात जा," ताई म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी वाढलं.