कवडूभाऊंचे दोन सेकंद

मला पसारा खपत नाही. पाहुण्यांच्या चपलासुद्धा मी दारात जोडीने लावते. नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या कंपनीने यंदा लायब्ररीची साफसफाई माझ्याकडे दिली, ती याच सवयीमुळे. लायब्ररी म्हणजे रोबोचा हात कसा उचलावा, कुठे थांबवावा, याच्या तयार सूचना. सी प्लस प्लस, जावा आणि पायथन अशा संगणकाच्या तीन भाषांत त्या लिहिलेल्या आहेत. ज्या गिऱ्हाइकाकडे जी चालते, ती तो घेतो. तिन्हींचं वागणं सारखं हवं, हा माझा हट्ट.

पायथनमध्ये एक ओळ जास्तीची निघाली. वीज जाऊन परत आली की हाताने दोन सेकंद थांबायचं, मगच हलायचं. तिच्यावर प्रेमानंद सरांनी चक्क मराठीत टीप लिहिली होती : 'कळमेश्वरचे कवडूभाऊ तेवढ्यात अडकलेला तुकडा काढतात. ही ओळ काढू नये.' सर मागच्या वर्षी निवृत्त होऊन सावनेरला गेले. त्यांना एक फोन केला असता तर पुरे होतं. मी टीप वाचून हसले आणि ओळीसकट पुसली. चाचण्या सगळ्या पास झाल्या, नवी लायब्ररी गिऱ्हाइकांकडे गेली, त्या खुशीत मी टीमला आलूबोंडे खाऊ घातले.

आमच्या बंगळुरूच्या ऑफिसातल्या कुणी ती टीप पुसली असती, तर बिचाऱ्याला मराठी येत नाही असं म्हणता आलं असतं. मला येते. मी वाचून पुसली.

तीन आठवड्यांनी कळमेश्वरच्या एका वर्कशॉपमधून मालकाचा मेल आला. वीज आल्याबरोबर रोबोचा हात फिरला आणि कवडू नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली. खाली लिहिलं होतं, चूक कामगाराची आहे, तुम्ही काळजी करू नका. आमचे साहेब म्हणाले, सुटलो. क्षणभर मलाही हायसं वाटलं, आणि त्या क्षणाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तासाभरात मी ती ओळ तिन्ही भाषांत घातली. सांगितलं मात्र कुणालाच नाही.

रविवारी कळमेश्वरला गेले. कवडूभाऊ खाटेवर होते, उजव्या हाताला मोठं बँडेज. त्यांच्या बायकोने, कुसुमताईंनी, खुर्ची दिली. रोबोच्या कंपनीतून आले म्हटल्यावर कवडूभाऊ धडपडत उठून बसले.

"मशीन तं ठीक हाय ना, मॅडम? माह्यामुळं नुकसान झालं तुमचं."

मला तोंड वर करून बघवेना. खाटेवर मालकाने पाठवलेला कागद होता : अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला.

"डावा अंगठा मागून राहिले मालक," कुसुमताई म्हणाल्या. शाईची डबी त्यांच्या हातातच होती. "पुन्हा कामावर घेतीन का नाही, ते काही सांगत नाही."

"आण वं ते इकडे," कवडूभाऊ म्हणाले. "चुकी माहीच हाय. पाच वर्षं झाली, लाईन आली का मशीन माह्यासाठी जरासं थांबे. मले वाटे, तिले समजते. त्या दिवशी माहाच हात धीमा पडला असन."

"तिला समजत नव्हतं, कवडूभाऊ. प्रेमानंद सरांनी तुमच्यासाठी दोन सेकंद लिहून ठेवले होते. तुमच्या नावानिशी. ते मी काढून टाकले. वाचून काढले."

कुसुमताईंनी डबीचं झाकण लावलं. मी तो कागद उलटा केला, आत्ता बोलले ते सगळं मागच्या बाजूला लिहिलं आणि खाली सही केली. गोपिका, पूर्ण नाव, तारीख.

कवडूभाऊंनी बँडेजकडे पाहिलं.

"ते प्रेमानंदजी दोन दिवस माह्या बाजूले उभे होते," ते म्हणाले. "घड्याळ पाहून राहिले होते. मी म्हटलं, काय पाहता जी? तं म्हणे, तुमचा हात पाहतो." मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. रागाने नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं, "तुमी काहून काढलं जी?"

सांगायला मुदत होती, साहेब होते, नियम होते. त्यातलं काहीच खरं कारण नव्हतं.

"तिन्हीकडे सारखं दिसावं म्हणून," मी म्हणाले.