विल्फ्रीडचे कान

विल्फ्रीड टोल्केच्या कानांबद्दल कोणी शंका काढली असती, तर झाउअरलँड भागातल्या लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. दर सप्टेंबरात नेमबाज मंडळाच्या सभागृहामागे गाडीतल्या गाण्याची वेडी मंडळी जमायची. सॉसेज भाजायची, बिअर ढोसायची, एकमेकांच्या गाड्यांची यथेच्छ टिंगल करायची, आणि ज्या गाडीत गाणं सर्वांत छान वाजेल तिला चषक द्यायची. पण विल्फ्रीडने एखाद्या गाडीत बसून डोळे मिटले, की सगळं मैदान चिडीचूप. परीक्षक तोच, आणि त्याच्या शब्दापुढे कोणाचं काही चालत नसे.

नियम मात्र कडक होता: मंडळाने वाटलेलं गाणं मूळ फाईलमधूनच वाजवायचं. दाबून लहान केलेली फाईल लावली, की गाडी बाद. फाईल लहान करायची म्हणजे तरी काय? झांजेची किणकिण, गाणारणीचा श्वास, असला वरचा नाजूक आवाज तासून टाकायचा. जातंय कोण ऐकायला! विल्फ्रीड जायचा. त्या गाण्याच्या शेवटी त्रिकोणी घंटीची एक बारीक टिंग होती. ती ऐकू आली नाही, की तो दार उघडून बाहेर यायचा आणि चोराला चोर म्हणायचा.

यंदा पहिली गाडी लुडगर हेप्पेलमानची होती. विल्फ्रीड आणि तो, दोघांनी अर्धं आयुष्य एकाच वर्कशॉपमध्ये घासलं होतं. आता लुडगरला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि नाताळाच्या पुढचं बोलायला डॉक्टर तयार नव्हते. औषधांनी बोटं बधिर झालेली, तरी गडी गॅरेजमध्ये ठाण मांडून बसला आणि गाडीतला एकेक स्पीकर त्याने स्वतः बसवला. इतक्या वर्षांत त्याला चषक कधी मिळाला नव्हता. "एकदा मिळू दे, मग मी मरायला मोकळा," असं तो हसत म्हणायचा, आणि त्याची बायको हेडविग उठून आत जायची.

विल्फ्रीडने गाडीत बसण्याआधीच मनाशी ठरवलं होतं: मित्र म्हणून सवलत दिली, असं कोणी म्हणता कामा नये. त्याने डोळे मिटले. गाणं सुरू झालं. खालचा आवाज भरदार, मधला स्वच्छ. पण वर काहीच नाही. झांज ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखी. तो शेवटपर्यंत थांबला. टिंग वाजली नाही.

"लुडगर, ही दाबलेली फाईल आहे."

"काय बोलतोस लेका! मंडळाने दिली तीच आहे."

"मला शिकवू नकोस."

"बरं, तुझी स्वतःची डिस्क लाव. होऊन जाऊ दे."

"गरज नाही. गाडी बाद."

लोक खाली बघू लागले. हेडविग काहीतरी बोलणार होती, लुडगरने तिचा हात दाबला. "विल्फ्रीड म्हणतोय ना, मग असेल काहीतरी," एवढंच तो बोलला आणि गाडी घेऊन निघून गेला. आजवर बाद झालेल्या इतरांसारखा त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं विल्फ्रीडला वाटलं.

दुसऱ्या गाडीतही टिंग नव्हती. च्यायला, यंदा सगळ्यांनीच लाज सोडली की काय! तिचा निकाल न सांगताच विल्फ्रीड तणतणत तिसऱ्या गाडीत शिरला. ती डिर्कची होती. मागच्या सीटवर त्याची बायको सिल्के चिप्स खात बसली होती. विल्फ्रीडने या वेळी खिशातून स्वतःची डिस्क काढली. मूळ फाईलवरून त्याने स्वतः केलेली. गाणं सुरू झालं. तीच ओलसर झांज, तोच मुका शेवट.

"शेवटची ती टिंग काय गोड वाजते हो!" मागून सिल्के म्हणाली.

विल्फ्रीडने वळून तिच्याकडे बघितलं. फाईल लहान करताना जे तासतात, नेमकं तेच वयाने त्याच्या कानांतून तासून नेलं होतं. कधी नेलं, त्याला पत्ताही लागला नव्हता.

"काय झालं?" डिर्कने विचारलं. "आमचीही बाद का?"

बाहेर अख्खं मैदान वाट बघत होतं. बोलायला हीच वेळ होती. लुडगरला फोन करायचा, परत बोलवायचं, माफी मागायची, बस्स. पण मग विल्फ्रीड टोल्के म्हणजे कोण? बहिरा म्हातारा.

"नाही," तो म्हणाला. "उत्तम आहे."

दुसऱ्या गाडीलाही त्याने पास केलं. संध्याकाळी चषक डिर्कने नेला, आणि विल्फ्रीडने मूग गिळून टाळ्या वाजवल्या.

दोन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी हेडविगचाच फोन आला. "या हो तुम्ही. माझं काही ऐकत नाहीये तो." आता सांगून टाकायचंच, असं घोकत विल्फ्रीड गेला.

गॅरेजचं दार उघडंच होतं. गाडीचे आतले पत्रे उचकटलेले, स्पीकर जमिनीवर पडलेले, तारा कापून काढलेल्या. लुडगर एका खोक्यावर बसला होता. बोटांतून रक्त येत होतं. त्याला ते जाणवतही नव्हतं.

"सापडत नाही रे," तो म्हणाला. "फाईल मूळचीच होती, देवाशपथ. म्हणजे चूक माझ्या कामात आहे. मला वर सगळं ऐकू येत होतं, पण बहुतेक भासच असणार. औषधांनी माझे कान गेले वाटतं."

"लुडगर, ऐक..."

"नाही, तू ऐक. राग नाही माझा. दुसरा कोणी असता तर माझं हे तोंड बघून दयेने चषक दिला असता, आणि तो खोटा चषक उराशी धरून मी मेलो असतो. तू खरं बोललास. एवढं तरी मला मिळालं."

विल्फ्रीडने त्या तारांच्या ढिगाकडे बघितलं. आता खरं सांगायचं म्हणजे, जे तू फाडलंस ते निर्दोष होतं, हे सांगायचं. आणि ते पुन्हा जोडायला लुडगरकडे ना बोटं उरली होती, ना दिवस. न सांगावं, तर आपले हात चुकले आणि आपले कान गेले, असं मानतच तो मरणार.

"उजव्या बाजूची तार बघितलीस का?" विल्फ्रीडने विचारलं.

लुडगरचा चेहरा खुलला. "बघ ना, बघ! तुला सापडेल." त्याने दिवा उचलून धरला.

विल्फ्रीड गुडघ्यांवर बसला आणि नसलेला बिघाड शोधू लागला.