खाणीच्या तळाची माती

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. उजेड पाडणारी नव्हे. टिपरच्या मागच्या चाकातली, काळी, ठिगळं लावलेली.

माझी उमेदीची वर्षं गोव्यातल्या डिचोलीच्या खाणीत गेली. खाणीत खनिज भरायचं, आमोण्याला नदीच्या धक्क्यावर ओतायचं आणि धुरळा उडवत परत पळायचं. टिपर धाकूचा होता. टायरच्या आत काळोख असतो, त्यामुळे मी आयुष्यभर प्रवास केला आणि काहीच पाहिलं नाही. पुष्कळ माणसांचंही असंच होतं, पण ती घरी येऊन प्रवासवर्णन सांगतात.

मग खाण थांबली. टिपर अंगणात उभा राहिला आणि त्याच्यावर दोडक्याचा वेल चढला. खाणीतला पंप बंद पडला तसं खड्ड्यात पाणी साचत गेलं आणि तिथे हिरवंनिळं तळं झालं. धाकूने मला चाकातून काढलं आणि त्या पाण्यात सोडलं. पन्नाशीच्या धाकूला पोहता येत होतं. पोटाखाली मी असले तर जरा जास्तच येत होतं. गावातले सगळे मला मिठी मारून पोहत. तेव्हा माझं फार कौतुक होई.

मित्रांनो, पाणी कसं आहे ते मला पोटातून कळतं. आतली हवा तापली की मी टणक होते, निवली की मऊ पडते. माघात तळ्याचं पाणी वरखाली सारखंच गार असतं. माणूस पायाचं बोट बुडवतो, "आई गे!" म्हणतो आणि घरी जाऊन चुलीवर पाणी ठेवतो. त्या महिन्यात कोणाला काही होत नाही. वैशाखात पाणी न्हाणीतल्यासारखं ऊन लागतं, पण ते ऊन कमरेपर्यंतच. त्याखाली पाय सोडला की गारठा पोटरीला धरतो. पावसात काठ खचतात. आणि सगळ्यात लबाड महिना भाद्रपद. चार दिवस उघडीप पडली की वरचा थर तापतो आणि खाली पावसाळ्याचं गार पाणी तसंच दबा धरून बसलेलं असतं. खाणीला नदीसारखा उतार नाही. एक पाऊल घोट्याइतकं, दुसरं पाऊल माडाइतकं खोल.

गेल्या चवथीची गोष्ट. गावची जुनी तळी गाळाने भरली होती, म्हणून धाकूच्या घरचा गणपती पहिल्यांदाच खाणीवर पोचवायचं ठरलं. रीत अशी, की मूर्ती पाण्यात सोडायची, पाण्याखालची मूठभर माती पाटावर ठेवायची आणि तो पाट घरी न्यायचा. जुन्या तळीत गुडघाभर पाण्यात वाकलं की माती हाताला लागे. इथे वाकून काय लागणार, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मला फुगवलं स्वप्नीलने. हा सावंतवाडीकडचा, पूर्वी धाकूच्या टिपरवर क्लीनर, आता नाक्यावर पंक्चर काढतो. भर उन्हात त्याने माझ्यात अशी हवा कोंबली की टिचकी मारली तर मी आरतीत वाजवतात त्या घुमटासारखी वाजत होते. माझा दोर त्याच्याच हातात होता.

धाकूने पाटावरची मूर्ती माझ्यावर ठेवून मला आत ढकलत नेलं. मोरया झाला, मूर्ती गेली, पाट काठावर आला. तिथे धाकूची चुलती, शेवंतीकाकी, उभी होती.

"धाकू, माती?"

"काकी, हांगा पाय खंय लागता!"

"लागना जाल्यार बुडी मार. तळाक आसतली ना?"

"काठावरचीच घेवया गो काकी," धाकूची बायको सुमंगला म्हणाली.

"काठार ट्रक फिरल्यात. देवाची माती तळाचीच जाय," काकी हटून बसली.

"धाकूदा, पाणी कसा आसा?" स्वप्नीलने विचारलं.

"ऊन! पावडर हाड, चाय करतां!"

सगळे हसले. धाकूने मला सोडलं आणि बुडी मारली. वर आला तो रिकाम्या हाताने.

"माती हाडूक गेल्लो, वारो घेवन इलो!" काठावरून कोणीतरी ओरडलं. बस. असं कोणी बोललं की आमच्याकडचा पुरुष दुसरी बुडी मारतोच.

या वेळी तो खोल गेला. इतकी वर्षं त्याला वरचंच पाणी ठाऊक होतं. मी त्याला खाली जाऊच दिलं नव्हतं. बुडबुडे आले आणि थांबले. काठावरची आरती एका कडव्यावर अडखळली. मी पाण्यात निवत होते, मऊ पडत होते.

धाकू वर आला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. एक पाय आखडला होता. त्याने माझ्याकडे हात टाकला, बोटं माझ्या ठिगळाला लागली...

"आरे, ट्यूब बसली! पंक्चर!" स्वप्नील ओरडला आणि त्याने दोर ओढला.

मी काठाकडे सरकले. धाकूची बोटं निसटली. हवा गेलेली नाही, नुसती निवली आहे, हे मी कसं सांगणार? मला तोंड नाही, व्हॉल्व्ह आहे. स्वप्नीलने मला बाहेर काढलं आणि कान लावून फुस्स आवाज शोधू लागला. धंद्यात हयगय नाही.

"रे, तो बुडता!" सुमंगला किंचाळली.

"वयनी, हिच्यात हवा कमी आसा..."

"आसूं दी! त्याच्यात तितकीय उरूंक ना!"

तिने मला हिसकावलं आणि घोटाभर पाण्यात शिरली. पुढच्या पावलाला खोल होतं. स्वप्नीलने एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने तिचा पदर धरला. तिने मला फेकलं. मी अलीकडेच पडले. तिने दोराने मला ओढून घेतलं आणि पुन्हा फेकलं. धाकूचं डोकं आता दिसत नव्हतं. पाण्यावर एक मनगट होतं. मी त्याच्यावर पडले. मनगट माझ्या मधल्या भोकातून वर आलं, कोपर अडकलं, आणि मी मऊ होते म्हणूनच त्याच्या काखेखाली दुमडले. टणक असते तर गरगरले असते.

ओढून काढल्यावर तो काठावर लाल चिखलात पडून कुडकुडत राहिला. उजवी मूठ घट्ट मिटलेली. सुमंगलाने ती दोन्ही तळव्यांत धरून चोळली. मूठ उघडली. आत काही नव्हतं.

सुमंगलाने तो पडला होता तिथलाच चिखल मूठभर उचलला आणि पाटावर ठेवला.

"हीच न्हेवया."

शेवंतीकाकीने पाटाला हात लावून नमस्कार केला. ट्रकांचं नाव काढलं नाही. मग आपल्या पदराने धाकूचं डोकं पुसत बसली, तो नको म्हणत होता तरी.

मित्रांनो, आता मी गोठ्यातल्या खिळ्यावर असते. उंदरांना माझी चव आवडलेली दिसते. चवथ जवळ आली आहे, म्हणून एवढंच सांगते. मला उन्हात फुगवू नका. पाण्यात बुडवून, निवू देऊन, मग हवा भरा. मी मऊ लागले तरी माणूस पाण्यात असेपर्यंत मला ओढून नेऊ नका. पाणी कसं आहे हे नुसत्या पायाच्या बोटाला विचारू नका. आणि माती काठावरचीच घ्या.

देव पाण्यात गेला तरी वर्षाने परत येतो. त्याला पोचवायला गेलेल्या माणसाच्या बाबतीत तशी काही रीत नाही.