साहेबाच्या आंघोळीची वेठ

मित्रांनो, ब्रिटिश साम्राज्य ज्यांच्या बळावर उभे होते, त्यांपैकी मी एक. उभे कसले, माझ्यात ते बसत असे. मी एक जुना जस्ती पत्र्याचा टब आहे. आंघोळीचा.

मुंबईच्या एका कारखान्यात मला ठोकठोकून घडवले आणि नंदुरबारला फिरतीवरच्या साहेबाकडे धाडले. हिवाळ्यात साहेब गावोगाव तंबू टाकी. तंबू, खुर्च्या आणि मी, सगळे वेठीच्या माणसांच्या डोक्यावर. मजुरीचे नाव नाही. मला साहेब रोज पुसून घेई, "फाइन टब!" म्हणे. मला वाहणाऱ्याला कुणी घोटभर पाणी विचारत नसे. मला वाटे, जगाची रीतच असेल. पत्र्याला अक्कल उशिरा येते.

एकदा म्हातारा दोधू ठेचाळला. पोचा मला पडला, छडी त्याला बसली. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा ओझ्याला हजर. तेव्हापासून माझ्यात गार पाणी ओतले तरी मी आतून तापलेलाच असे. पण टबाच्या रागाला कोण विचारतो? फार तर खडखडाट होतो.

पुढे कोरीटचा रेवजी मला वाहू लागला. त्याची वर्षाची ज्वारी खळ्यावर उघडी, आणि प्रकाशा गावाजवळ पोचतो तो आभाळ भरून आले. त्याने मला तापीच्या वाळूत अलगद ठेवले.

"ए, उचल!" पट्टेवाला रूपचंद ओरडला.

"दादा, मन्ही जवारी खळामा उघडी शे. माले घर जाऊ द्या."

"आनि साहेब आंघोळ कसामा करी?"

"तापी शे ना. तिले डोकावर ली जानं पडत नही."

मागे दोधूनेही खुर्ची खाली ठेवली आणि खुशाल तिच्यावर बसला. रेवजी गेला.

निम्मी ज्वारी वाचली, निम्मीला कोंभ आले. साहेब काही तापीत उतरला नाही. मुक्कामभर पारोसाच राहिला आणि त्याच पारोशा अंगाने त्याने रेवजीला महिनाभर कोठडीत टाकले. पुढच्या हिवाळ्यात वेठ होतीच, डोकी फक्त दुसरी.

पोच्यापायी मी लिलावात निघालो. आता कळसाडीच्या बन्सीलालच्या गोठ्यात म्हैस माझ्यात पेंड खाते. ती "फाइन" म्हणत नाही, पण तिच्यासाठी कुणाला छडीही बसत नाही.

वस्तू जपा, असे आम्ही वस्तूंनी सांगायचे असते. मी म्हणतो, आधी ती वाहणारा जपा. याहून जास्त रागावणे आता गंजामुळे झेपत नाही.

बरे, ऊन फार झाले. मला जरा सावलीत सरकवाल? कुणाला हाक मारू नका. तुम्हीच ढकला.