समुद्रातलं लेणं

कोंडीराम नायगावच्या चाळीतला, आणि जहाजावर टोपास. टोपास म्हणजे झाडू मारणारा, संडास धुणारा. खलाशांचा मुकादम सारंग ते स्वयंपाकी भंडारी, सगळे हाक मारायचे ती ‘ए टोपास’. आईबापांनी ठेवलेलं नाव घेणारा आख्ख्या जहाजावर एकच माणूस, ज्यो.

ज्यो पॅन्ट्रीत कामाला. गिरगावातल्या खोताच्या वाडीतला ख्रिश्चन, पण घरात मराठीच बोलणारा, चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेला. कोंडीरामाला अक्षर म्हणून वाचता यायचं नाही. त्यामुळं राधाबाईची पत्रं यायची ती ज्योच्या तोंडून. बाई सांगायची, शेजारची लतिका लिहायची, आणि ज्यो वाचायचा. ‘जेवताना तुमचं ताट आठवतं’ असं काही आलं की ज्यो लाजून थांबायचा. कोंडीराम म्हणायचा, “थांबलास का? परत वाच ते.”

त्या साली सुएझचा कालवा लढाईनं बंद पडला. जहाज दुरुस्तीला म्हणून माल्टा बेटावरच्या गोदीत लागलं, ते लागलंच. आणि तिथंच एक पत्र आलं. ज्यो अर्ध्यावर आला आणि त्यानं कागद खाली ठेवला.

बाबासाहेब गेले होते. दादरच्या चौपाटीवर मुंगीला जागा नव्हती, आणि तिथंच, चिता पेटायच्या वेळेला, लाखभर लोकांनी बुद्धाची दीक्षा घेतली. राधाबाईनं पण घेतली. ‘मी तुमची टोपी हातात धरून उभी राहिले,’ तिनं लिहिलं होतं. ‘घरातले देव समुद्राला दिले. आता चाळीत तुम्ही एकटेच राहिलात. जिथं असाल तिथं एखादा विहार बघा आणि घ्या. खाली सगळं लिहून पाठवलंय.’ खाली लतिकानं ठसठशीत अक्षरात त्रिशरण आणि बावीसच्या बावीस प्रतिज्ञा लिहिल्या होत्या.

कोंडीराम दोन दिवस मान खाली घालून नुसता झाडू मारत राहिला. बाप गेला आणि खांदा द्यायला मिळाला नाही, असं झालं त्याचं. तिसऱ्या दिवशी ज्योला म्हणाला, “घरातले देव गेले, सगळी चाळ बदलली. आता मी उंबऱ्यातून आत शिरू तो कोण म्हणून शिरू?”

“मुंबईला गेलास की घे ना बाबा.”

“मुंबई कधी दिसंल ते तुझ्या कालव्याला विचार. आन राधीच्या समोर जायचं ते होऊनच जायचं. ती माझी टोपी घेऊन उभी राहिली रे.”

पण माल्ट्यात विहार कुठला? पावलापावलाला चर्च. ज्यो खूश, कोंडीराम मात्र कोरडाच.

एका रविवारी चर्चमध्ये मिसा ऐकून ज्यो पळत आला. “कोंड्या, चल, आज फिरायला जाऊ. फादर सांगत होता, दक्षिणेला समुद्राचे मोठे कडे आहेत, आणि कड्यात केव्हज. होडीत बसून आत जायचं. गोरे लोक लांबून बघायला येतात.”

“केव्हज म्हणजे?”

“अरे, गुहा. डोंगराच्या पोटात. कान्हेरीला नाय का?”

कोंडीराम ताडकन उठला. कान्हेरीला तो चाळीतल्या मंडळींबरोबर दोनदा जाऊन आला होता. डोंगरात गुहा म्हणजे लेणी, आणि लेणी म्हणजे बुद्ध. त्याच्या हिशोबात तिसरी गोष्टच नव्हती. त्यानं अंघोळ केली, धुतलेला पांढरा सदरा चढवला, पांढरी पँट चढवली, पत्र खिशात घातलं, वाटेत दुकानातून मेणबत्त्या घेतल्या. ज्योला वाटलं, फोटोबिटो काढायचा विचार असेल.

बस दगडी कुंपणांमधनं धडधडत गेली आणि एकदम जमीनच संपली. सरळ तुटलेला कडा, पिवळट दगडाचा, आणि खाली एवढं निळं पाणी की शाई सांडल्यागत. कोंडीरामानं वाकून बघितलं. “केवढं खोदलंय रे,” तो म्हणाला. ज्यो म्हणाला, “हो ना,” आणि पुढं चालू लागला.

खाली एक म्हातारा होडीवाला होता. होडीला लाल-पिवळा-निळा रंग आणि नाकाडावर दोन्ही बाजूंनी डोळे काढलेले. “कफ परेडच्या कोळ्यांनी बघितली तर उचलून नेतील,” कोंडीराम म्हणाला. आज त्याचं चित्त हलकं होतं. होडी कड्याच्या सावलीत शिरली तेव्हा तर त्यानं तोंडाशी हात धरून हाळीच दिली, “मुंबई कुणाची?”

कडा घुमला, “कुणाची... कुणाची...”

“महाराष्ट्राची!”

“ए, थांब,” ज्यो म्हणाला. “महाराष्ट्राची काय? आमची. आमचे आजे-पणजे तिथं भात लावत होते तेव्हा तुम्ही कुठं होता? रत्नागिरीला आंबे मोजत.”

“मग तू ये की संयुक्त महाराष्ट्राच्या समितीत. तुझी मुंबई तूच माग.”

“मी येईन रे, पण डोरिस सोडायला पायजे.” डोरिस म्हणजे ज्योची बायको. जहाजावरचा एवढा दांडगा गडी, पण तिचं नाव घेताना आवाज खाली यायचा.

होडी गुहेत शिरली. वरनं अंधार, आणि खालून पाणी पेटलेलं. निळा उजेड पाण्यातनं वर येत होता, तिघांची तोंडं निळी झाली. ज्यो आ वासून बघत राहिला. कोंडीराम मात्र भिंती बघत होता. ह्या भिंतीवरनं त्या भिंतीवर, मग छताला, मग पार आत कोपऱ्यात.

“मूर्ती कुठाय?”

“कसली मूर्ती?”

“बुद्धाची. खांब कुठायत? पायऱ्या?”

ज्यो हसायला लागला. “अरे येड्या, हे कुणी खोदलेलं नाय. समुद्रानं खाल्लेला दगड हाय हा!” आणि मग त्याचं लक्ष पांढऱ्या कपड्यांकडं गेलं, मेणबत्त्यांकडं गेलं, आणि तो हसायचा थांबला. सकाळपासून हा माणूस कुठं चालला होता ते त्याला आत्ता कळलं.

कोंडीरामानं मान खाली घातली. मेणबत्त्यांचा पुडा हातात नुसता फिरवत राहिला.

खाली पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. मग ज्यो म्हणाला, “सॉरी रे.”

“तुझं काय त्यात. मीच खुळा.” कोंडीरामानं नाक पुसलं. “पण ज्यो, कान्हेरी पण आधी नुसता दगडच असंल की. कोण तरी पहिला बसला असंल तिथं.”

“असंल.”

“मग वाच.”

“काय?”

“पत्र. एकानं पुढं म्हणायचं, दुसऱ्यानं मागनं. तशी रीत हाय. मला वाचता येत नाय, तू म्हण, मी मागनं म्हणतो.”

“मी?” ज्यो होडीत एवढा सरकला की म्हाताऱ्यानं वल्हं आपटलं. “मी बाप्तिस्मा घेतलेला माणूस! आत्ताच मिसा ऐकून आलो. कन्फेशनला काय सांगू?”

“एडनला मला ताप चढला तेव्हा रात्रभर कपाळावर हात ठेवून कुणाची प्रार्थना म्हणत होतास?”

“मारिया मातेची.”

“मी ख्रिश्चन झालो काय?”

ज्योनं मान हलवली.

“नाय ना? मग तू पण होत नाहीस. वाच.”

ज्योनं गळ्यातला क्रॉस सदऱ्याच्या आत टाकला, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा बाहेर काढला. कोंडीरामानं होडीच्या फळीवर तीन मेणबत्त्या चिकटवल्या आणि हात जोडले. ज्यो वाचायला लागला. पाली शब्द, चौथीच्या शाळेचं वाचन. प्रत्येक जोडाक्षराला अडखळत होता. “बुद्धं... सरणं... गच्छामि.” कोंडीराम मागनं म्हणायचा, आणि त्याच्या मागनं गुहा म्हणायची. हात जोडलेले बघून म्हाताऱ्या होडीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मग प्रतिज्ञा. एकेक करून खाली सरकता सरकता ज्यो अचानक थांबला. कागद नाकाशी नेला.

“कोंड्या, ही लतिकानं मनची घातली वाटतं.”

“कुठली?”

“‘मी दारू पिणार नाही.’”

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. गेली सहा वर्षं बंदर कुठलंही असो, बाटली एक आणि गिलास दोन. आत्तासुद्धा ज्योच्या कोटात पावशेर होती, परतताना कड्यावर बसून घ्यायला आणलेली.

“ती सोडून पुढं जाऊ?” ज्यो हळूच म्हणाला.

कोंडीरामानं डोळे मिटले. “नाय. म्हण.”

ज्योनं म्हटली. कोंडीरामानं मागनं म्हटली, इतरांपेक्षा मोठ्यानं. गुहेनं तीनदा म्हटली.

“आता मी कुणाबरोबर पिऊ रे साल्या?” ज्यो म्हणाला, आणि उरलेल्या प्रतिज्ञा त्यानं वाचल्या. शेवटची झाली तशी त्यानं छातीवर क्रूस काढला. ते बघून म्हाताऱ्यानं पण काढला. कोंडीराम रडत होता आणि हसत होता.

मे महिन्यात जहाज मुंबईला लागलं. ज्यो सामान घेऊन कोंडीरामाबरोबर नायगावापर्यंत आला. भिंतींवर समितीच्या घोषणा, निवडणुकीचा चुना अजून पांढराच्या पांढरा. कोंडीराम चाळीत शिरला तो ताठ मानेनं. गॅलरीत कुशाबा बसला होता, चाळीचा पुढारी.

“जयभीम, कुशाबा. दीक्षा घेऊन आलो.”

“शाब्बास! कुठं?”

“माल्ट्याला. समुद्रात.”

“कुणी दिली? भन्ते कोण होते?”

कोंडीरामानं मागं बोट दाखवलं. ज्यो पेटी धरून उभा, गळ्यात क्रॉस.

कुशाबाच्या मिशा थरथरल्या. “हा? कोंडीराम, ही काय मस्करी हाय? असं कुणीही कुणाला देतं काय? नाय चालायचं. रविवारी भन्तेजी येणारेत, तेव्हा रीतसर घे. तोवर झालं नाय असं समज.”

कोंडीरामाचा चेहरा पडला. दोन हातांवर घराचा उंबरा, आणि उंबऱ्यात राधाबाई. तो तिथंच थांबला. पाय पुढं पडेना.

राधाबाईनं पदर सारखा केला. “सगळ्या म्हणालात?”

“बावीसच्या बावीस.”

“मधली? ती?”

“ती पण.”

“आन पाळली?”

कोंडीराम काही बोलायच्या आत ज्योच ओरडला, “तीन महिने, वहिनी! एक थेंब नाय! मी शपथेवर सांगतो, माझं सगळं आयुष्य खराब करून टाकलं ह्यानं!”

गॅलरीभर हशा उठला. राधाबाई हसली नाही. कुशाबाकडं वळून म्हणाली, “भाऊजी, रविवारी घेतील ते परत, तुमच्या पुढ्यात. पण ज्यानं ह्यांची दारू सुटली ते झालं नाय असं मी कसं समजू?” मग नवऱ्याला म्हणाली, “या आत. भाकरी थंड होतीया.”

कोंडीराम आत गेला. राधाबाई मात्र बाहेर आली, आणि ज्यो पेटी खाली ठेवतोय तोच त्याच्या पायाशी वाकली.

ज्यो असा मागं उडाला की कुशाबाच्या खुर्चीवरच बसला. “नको नको, वहिनी! हे डोरिसच्या कानावर गेलं तर मला घरात कोण घेईल?”